वृद्धांची सेवा आणि सेवेकऱ्यांची मजुरी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आमचे सारे आयुष्य त्याच कामात गेले असल्यामुळे ती अपेक्षा रास्तच होती. आम्ही त्यांना उलट कळविले की, यंदा आम्हांला वृद्धाश्रमांविषयी बोलू द्यावे. त्यांना थोडे नवल वाटले. आपल्यालाही वाटले असेल. युनियनच्या माणसाने बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलावे. वृद्धांची सेवा हा विषय डॉक्टरांचा, समाजसेवकांचा, फार तर कीर्तनकारांचा, असा आपला समज असतो. हा समज चुकीचा आहे. तो बाळगून आम्ही स्वतः एक मोठी चूक केली, आणि ती सांगण्यासाठीच आज येथे उभे आहोत.

प्रथम थोडे आमच्याविषयी. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत मागावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. सातवीनंतर आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. आईने खोलीत खानावळ चालविली. वीस-बावीस माणसांच्या भाकऱ्या ती रोज भाजत असे. तिच्या हातावर आम्ही वाढलो. आजच्या विषयाशी तिचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

वृद्धांचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा एकाच वाटेने जाते. मुले कृतघ्न झाली, सुना वाईट निघाल्या, एकत्र कुटुंब मोडले, संस्कार गेले. 1970 साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून मुलांच्या नावे सारे करून देऊन उघड्यावर पडलेला बाप आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2007 साली केंद्राने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. ‘आमचा सांभाळ करावा’ या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाला परत फिरविता येते, असे त्याचे 23 वे कलम सांगते. हे कलम चांगले आहे. आमच्या ओळखीच्या काही वृद्धांना त्याचा उपयोग झाला आहे. पण श्रोतेहो, ज्यांच्यापाशी देण्यासारखी मालमत्ताच नव्हती त्यांचे काय? आणि ज्यांची मुले कृतघ्न नाहीत, पण हतबल आहेत, त्यांचे काय?

एक साधे चित्र डोळ्यांपुढे आणा. नवरा पाळीला जातो, बायको नोकरीला जाते. घरात अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई. तिला दोन-दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. न वळविल्यास पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. डॉक्टर त्याला शय्याव्रण म्हणतात. दिवसा ती कोणाच्या भरवशावर ठेवायची? पूर्वीच्या एकत्र कुटुंबाचे आपण गोडवे गातो. पण त्या घरात ही कूस कोण बदलीत होते? सून बदलीत होती. तिची पाळी पहाटे पाचला सुरू होई आणि संपे कधी, ते कोणी विचारीत नसे. तिला हजेरी नव्हती, सुटी नव्हती, पगार तर नव्हताच. एकत्र कुटुंबाची सेवा फुकट नव्हती. तिची किंमत एकटी सून मोजत होती. आज सून कामावर गेली, आणि तेच काम करण्यासाठी दुसरी एक बाई आली. तिला आपण मावशी म्हणतो, आया म्हणतो. आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या बाईबद्दल.

निराधारांसाठी घरे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाने 1860 च्या दशकापासून अशी संस्था चालत आली. 1995 साली सत्तेवर आलेल्या राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. आता शहरांच्या कडेला नव्या तऱ्हेच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. अनामत रक्कम भरावी, दरमहा शुल्क द्यावे, आणि जेवणखाण, औषधपाणी, शुश्रूषा सारे जागच्या जागी मिळावे, अशी ती व्यवस्था. तिची गरज खोटी नाही. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे सुमारे 10 कोटी 40 लाख भरली. शंभरात साडेआठांहून थोडी अधिक. त्यानंतर ती वाढलीच आहेत.

पण या घरांचा दर्जा मोजायचा कसा? 2007 च्या कायद्याचे 19 वे कलम सांगते की, राज्य शासनाला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार वृद्ध राहू शकतील असा वृद्धाश्रम काढता येईल. तेथील सेवांचा दर्जा ठरविणे राज्याच्या योजनेवर सोपविले आहे. म्हणजे खाटा किती ते कायद्यात आहे. खाटेमागे हात किती असावेत ते नाही. 2019 साली लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आले. वृद्धांची घरे व घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान दर्जा लावून द्यावा, असे त्यात होते. ते विधेयक मंजूर झाले नाही आणि त्या लोकसभेबरोबरच विरून गेले.

आता आमची गोष्ट सांगतो. वडील गेल्यावर आई आमच्याकडे होती. मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आठ महिने आम्ही घरी केले. आमच्या पत्नीची नोकरी जाण्याची वेळ आली, तिची कंबर धरली, तेव्हा निरुपायाने आम्ही आईला एका वृद्धाश्रमात ठेवले. संस्थेचे नाव सांगत नाही. त्या संस्थेत काही विशेष वाईट होते असे नाही, आणि म्हणूनच गोष्ट सांगण्याजोगी आहे.

प्रवेश घेताना आम्ही पुष्कळ प्रश्न विचारले. जेवणात काय असते, डॉक्टर कितीदा येतात, खोलीत उजेड आहे का, देवघर आहे का, भेटीची वेळ कोणती. बाग पाहिली, स्वयंपाकघर पाहिले, फरशी पाहिली. तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या दारांत उभे आहोत. कोणत्याही कारखान्यात पाऊल टाकले की आमचा पहिला प्रश्न असतो, ‘येथे पाळी किती तासांची?’ तो प्रश्न आम्ही तेथे विचारला नाही. आईच्या बाबतीत आम्ही गिऱ्हाईक झालो होतो.

आईच्या दालनात एक मावशी होती. मराठवाड्यातली, चाळिशीतली, नवरा वारलेला, मुलगा गावी आजीपाशी. आईला बोलता येत नव्हते. पण ती डाव्या हाताचे बोट उचली तेव्हा तिला पाणी हवे असते, आणि पदराशी चाळा करी तेव्हा अंथरूण ओले झालेले असते, हे त्या बाईने पंधरा दिवसांत ओळखले. आम्हां पोटच्या मुलांना ते कळले नव्हते.

चार महिन्यांनी आईच्या माकडहाडावर जखम दिसली. दुसऱ्या दोन वृद्धांनाही जखमा झाल्या होत्या. नातेवाईक संतापले. तक्रार लिहायचे ठरले, आणि अर्ज लिहिण्यात आमचा हातखंडा म्हणून लेखणी आमच्या हाती आली. ‘सदर सेविका रात्रपाळीत झोपलेली आढळली असून तिने कर्तव्यात हयगय केली आहे.’ हे वाक्य आमचे. बंधुहो, अशाच वाक्यांची आरोपपत्रे आम्ही उभ्या आयुष्यात शेकड्यांनी वाचली आहेत आणि त्यांविरुद्ध लढलो आहोत. त्या दिवशी ते आम्हीच लिहिले आणि खाली पहिली सही आमची होती. सोमवारी गेलो, तर ती बाई तेथे नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत तिच्या जागी तीन बाया आल्या आणि दोन गेल्या. आईचे बोट वर होई, पण ते कोणाला वाचता येत नव्हते. तिचे जेवण कमी झाले. जखम वाढली. एके रात्री आम्ही तेथे राहायची परवानगी मागून घेतली, आणि सवयीने वहीत हिशेब मांडला. दालनात न हलणारे अकरा जण. रात्री बाई एक. प्रत्येकाला दोन तासांनी वळवायचे, अंग पुसायचे, ओले असल्यास बदलायचे. हात कितीही चलाख असला तरी माणशी दहा मिनिटे. अकरा दाहे एकशे दहा. दोन तासांची मिनिटे एकशे वीस. उरली दहा. त्या दहांत कोणाला पाणी द्यायचे, कोणाला बेडपॅन द्यायचे, जो उठून मोरीकडे धडपडत निघाला आहे त्याला सावरायचे, आणि स्वतः घोटभर चहा प्यायचा. हे एका रात्रीचे. ती बाई दिवसाही तेथेच असे, कारण तिला राहायला दुसरी जागा नव्हती. दोन खाटांच्या मधल्या फरशीवर तिची वळकटी. महिन्यातून एक सुटी, तीही बदली बाई मिळाली तर. तिचा पगार एका ब्यूरोमार्फत होई, आणि आम्ही दरमहा भरत होतो त्याच्या निम्माही तिच्या हाती पडत नसे. अशी बाई पहाटे तीनला बसल्या जागी पेंगली, त्याला आम्ही हयगय म्हटले होते.

आम्ही तिचा शोध घेतला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका घरात कामाला लागली होती. फाटकाशी उभे राहून आम्ही चूक कबूल केली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “दादा, तुम्ही युनियनवाले ना? मग अर्जात माझी पाळी किती तासांची ते का नाही लिहिलंत?” आणि मग, “आजी पाणी पितात का नीट?”

आई त्यानंतर दीड महिन्याने गेली. तिची जखम भरून आली नव्हती.

या दु:खाचे प्रदर्शन मांडण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला त्यातून एक गोष्ट कळली, ती आपल्यापुढे ठेवायची आहे. वृद्धाश्रमात जी सेवा विकली आणि विकत घेतली जाते, ती फरशीत नाही, बागेत नाही, माहितीपत्रकात तर नाहीच. ती माणसाच्या हातांत आहे. ते हात किती आहेत, किती दमलेले आहेत आणि किती दिवस त्या जागी टिकतात, यावर वृद्धाची पाठ, वृद्धाची तहान आणि वृद्धाची अब्रू अवलंबून आहे. म्हणून ज्याला आपण आई-वडिलांच्या सेवेचा दर्जा म्हणतो, तो मुळात मजुरीचा प्रश्न आहे.

काही सज्जन म्हणतात, सेवेला मोल लावू नये. ते पुण्याचे काम आहे. सावित्रीबाई फुल्यांनी प्लेगच्या साथीत रुग्ण उचलून आणले आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांनी कोणाकडून मजुरी घेतली नाही. पण तो त्याग त्यांनी स्वतः पत्करला होता. दुसऱ्या बाईच्या पोटाला चिमटा काढून तिच्याकडून पुण्य करवून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ज्यांच्या सत्यशोधक परंपरेचे आपण नाव घेतो, त्याच परंपरेतील नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि चळवळ करून 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळविली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आमच्या मावशीपर्यंत तो रविवार पोहोचलेला नाही.

तेव्हा यापुढे कोणी आपल्या आई-वडिलांसाठी घर पाहावयास गेला, तर त्याने बाग अवश्य पाहावी, पण आधी हजेरीपट मागावा. रात्री दोन वाजता, किती न हलणाऱ्या माणसांमागे किती जण जागे असतात, हा पहिला प्रश्न. येथली सर्वांत जुनी मावशी किती वर्षांची जुनी, हा दुसरा. कारण बोलता न येणाऱ्या माणसाची खूण ओळखायला ओळख लागते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाई बदलली की ओळख जाते. आठवड्याची सुटी कोणती, आणि त्या दिवशी बदलीला कोण असते, हा तिसरा. माणूस उचलायचा कसा, हे तिला कोणी शिकविले काय, आणि उचलायला दोघी असतात काय, हा चौथा. एकटीने उचलल्यास तिची कंबर जाते आणि म्हातारा पडतो. प्रॉव्हिडंट फंड व कर्मचारी राज्य विमा आहे काय, हा पाचवा. ज्या घराचा चालक या पाच प्रश्नांनी चिडतो, त्या घरात आपला माणूस ठेवताना पुन्हा विचार करावा.

येथे रास्त शंका अशी येईल की, मावशींची संख्या वाढविली, पगार वाढविला, तर शुल्क वाढेल. ते भरणार कोण? ही शंका आम्ही उडवून लावीत नाही. आम्ही कामगारांची स्थिती जाणतो. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून दरमहा 1,000 रुपये ठरविण्यात आले. तेवढ्यात कोणाची शुश्रूषा होणार? म्हणून हा भार एकेका कुटुंबाने एकट्याने उचलावा असे आम्ही म्हणत नाही. जर्मनीत 1995 पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा स्वतंत्र विमा आहे. मालक आणि कामगार दोघे त्यात वर्गणी भरतात. जपानने 2000 साली तसा विमा सुरू केला आणि तेथे चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. म्हणजे पुढे लागणाऱ्या हातांची तरतूद हात चालतात तोवरच करून ठेवायची. आपल्याकडे कामगार संघटनांनी पेन्शन मागितले, ते योग्यच होते. पण पेन्शन पाणी पाजीत नाही. शुश्रूषेचा विमा आम्ही कधी मागितलाच नाही, हा आमच्या चळवळीचा दोष आम्ही येथे कबूल करतो.

आणि मावशींसाठी परक्या देशाकडे पाहण्याचीही जरूर नाही. बाजारातला हमाल एके काळी कोणाचाच नोकर नव्हता. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. मालक म्हणत, तो आमचा नव्हे. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. हमालाची नोंदणी, व्यापाऱ्याची नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर लेव्ही घेऊन त्यातून फंड, बोनस, औषधोपचार. 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी त्याच धर्तीवर कायदा झाला. आयाही तशाच आहेत. आश्रम म्हणतो, ब्यूरोची. ब्यूरो म्हणतो, आश्रमाची. पोते उचलणाऱ्याला जो न्याय मिळाला, दाराशी उभ्या राहणाऱ्याला जो न्याय मिळाला, तो आपली आई उचलणारीला का मिळू नये? शुश्रूषा कामगारांचे मंडळ व्हावे. नोंदणी, शिक्षण, आठ तासांची पाळी आणि आठवड्याची सुटी त्यामार्फत ठरावी, अशी आमची मागणी आहे. अशा मंडळातही दोष शिरतात. माथाडी मंडळांतले दोष आम्ही जवळून पाहिले आहेत. पण दोष दुरुस्त करायला आधी मंडळ असावे लागते.

हे काम आम्ही लहान प्रमाणावर सुरू केले आहे. फाटकाशी भेटलेली ती बाई आणि आणखी पाच जणी अशा सहा जणींची पहिली बैठक ठरविली, आणि ती तीनदा पुढे ढकलावी लागली. कारण सहाही जणींना एकाच दिवशी सुटी कधी येईचना. शेवटी रात्रीच्या जेवणांनंतर, एका आश्रमाच्या मागल्या दाराशी, अर्धा तास बैठक झाली. तीन जणी आल्या. आमची युनियन गिरणीच्या दाराशी याहून लहान बैठकांतून वाढली आहे, तेव्हा आम्ही निराश नाही.

मात्र यात आपली साथ हवी. आश्रमातल्या वृद्धांचे नातेवाईक आणि आश्रमातल्या आया हे आज एकमेकांसमोर उभे आहेत. एक तक्रार लिहितो, दुसरी घरी जाते, आणि चालक मध्ये सुरक्षित राहतो. हे दोघे एका सतरंजीवर बसले पाहिजेत. प्रत्येक घरात नातेवाईक, आया आणि ज्यांना बोलता येते असे वृद्ध, यांची एक समिती असावी, आणि तिने महिन्यातून एकदा हजेरीपट उघडून पाहावा. याला कायदा लागत नाही. पुढच्या भेटीला जाल तेव्हा सुरुवात करता येईल.

आमच्या आईने वीस-बावीस परक्या माणसांना वर्षानुवर्षे जेवू घातले. त्यांपैकी कोणाला ताप आला तर ती त्याच्यापुरती पेज करी. शेवटी तिलाही एका परक्या बाईनेच घास भरविला, आणि त्या बाईचे काम आम्ही घालविले. ती चूक आता भरून येणार नाही. आपल्यांतल्या कोणाच्या हातून तशी होऊ नये, एवढ्यासाठी आपला हा तास घेतला.